पिवळ्या दिव्याखालचा अल्बम

आमच्या घरात एका शब्दाला बंदी होती. शिव्यांना नव्हती, आई रत्नागिरीकडची, तिच्या तोंडी त्या शोभायच्या. बंदी होती ती ‘व्होल्टेज’ला. बाबा विजेच्या ऑफिसात होते. होते म्हणजे बिलांच्या खात्यात कारकून होते, तारा-खांबांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगला हे समजावणार कोण? संध्याकाळी सात वाजले की घरोघर टीव्ही लागायचे, खाली पाण्याच्या पंपाची मोटर सुरू व्हायची आणि सगळ्यांचे दिवे एकदम पिवळे पडायचे. मग जिन्यात बाबा सापडले की जो तो त्यांनाच धरायचा. “काय साहेब, आज व्होल्टेज डब्यात भरून घरी आणलंत काय?” असं पहिल्या मजल्यावरचे प्रधानकाका रोज विचारायचे आणि रोज स्वतःच हसायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. बाबा उलटून बोलणारे नव्हते. ते नुसते कसंनुसं हसायचे आणि घरात येऊन ताटावरून अर्धवट उठायचे. एकदा आईच चुकून म्हणाली, “आज फारच कमी आहे हो व्होल्टेज,” तर ते ताट सरकवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या दिवसापासून अळीमिळी गुपचिळी. मिक्सर फिरेनासा झाला की आई म्हणायची, “दमला,” आणि पाटा-वरवंटा काढायची. पंखा दमायचा, दिवा दमायचा. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाकडे वीज सारखी ठेवणारा स्टॅबिलायझर होता, फ्रिजवर विणलेला रुमाल घालून ठेवलेला. आमच्याकडे नव्हता. बाबांचं म्हणणं, त्यांच्या घरात स्टॅबिलायझर आला तर तो म्हणजे लेखी कबुलीच झाली.

या जाचाला कंटाळून बाबांनी एक युक्ती काढली. ऑफिस सुटलं की ते घरी यायचेच नाहीत. कल्याणहून यायचे आणि परस्पर वाचनालयात जाऊन बसायचे, ते नऊला टीव्ही थंडावले, दिवे पांढरे झाले की मग जिना चढायचे. त्यामुळे सात ते नऊ आमचं घर बिनबापाचं असायचं, आणि आमच्या घरात जे काय घडलं ते सगळं त्या दोन तासांत घडलं. आता माझी नातवंडं विचारतात, आजी तू खरंच रॉक बँडमध्ये होतीस का, तेव्हा मला त्यांना पहिल्यांदा हे दिव्याचं सांगावं लागतं. त्यांना ते कळत नाही. त्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे.

बँड माझ्या भावाचा. श्रीकांत त्याचं नाव, घरात दादा, बाहेर श्री. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात तो स्टोअरमध्ये होता आणि घरी यायचा तेव्हा त्याच्या कानामागे कधी निळं, कधी विटकरी काहीतरी लागलेलं असायचं. पायाला भिंगरी हा शब्द मी त्याच्यावरूनच शिकले. जेवताना गुडघा हलतोय, बोलताना बोटं टेबलावर वाजतायत, झोपेतही पाय उडतायत. आई म्हणायची, याला वाघ मागे लागलाय. मला तो वाघ ओळखीचा होता, कारण माझ्याही मागे तोच होता. मी कॉलेजात होते, हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिलेल्या, आणि मला त्या डोंबिवलीत गुदमरल्यासारखं व्हायचं. तीच गल्ली, तोच वाणी, तेच संध्याकाळचे पिवळे दिवे. दादाने कुठून कुठून परदेशी बँडच्या टेप मिळवल्या होत्या, कॉपीवरून कॉपी केलेल्या, अर्ध्या खरखरीच्या. त्या आम्ही इतक्या ऐकल्या की टेपमधला खरखराटही आम्हाला गाण्याचा भाग वाटायला लागला. पण दादाला त्यांची नक्कल करायची नव्हती. त्याला मराठीत गायचं होतं, आणि भावगीत नव्हे, सिनेमातलं नव्हे, देवाचं तर नव्हेच. त्याची गाणी कारखान्याच्या भोंग्यावर होती, पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या बायकांवर होती, आणि एक होतं शीळफाट्यावर, जिथे सगळ्या गाड्या येतात आणि कुणीच उतरत नाही. ते त्याचं सगळ्यात चांगलं. ते गाताना त्याचा आवाज खाली जाऊन घोगरा व्हायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो.

तिसरा गोपी. कोपरच्या पुढे खाडीला लागून त्यांचं गाव, कोळ्यांचं घर, बाप खाडीत जाळं टाकायचा. गोपी आमच्याकडच्या हळदींना बेंजो पार्टीत ढोल-ताशा वाजवायचा, आणि त्याचा हात असा होता की नवरीची आजीसुद्धा खुर्चीवरून उठावी. दादाने त्याला एका हळदीत ऐकलं आणि तिथेच मांडवात धरला. गोपीला रॉक वगैरे काही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी दादाने त्याला टेप ऐकवली तर तो म्हणाला, “यांना घाई कशाला येवढी?” पण आठवड्याभरात त्याने हळदीचा ठेका असा काही आमच्या गाण्यांत घुसवला की दादा खोलीभर नाचला. दादा गिटार आणि गळा, गोपी ढोल, ताशा आणि एक पितळी झांज, आणि मी बेस गिटार. बेस मला मिळाली कारण चौथा माणूस नव्हता. चार जाड तारा, बोटांना घट्टे पडले, आणि आईने तेल लावताना विचारलं, लग्नात मुलाकडच्यांनी हात बघितले तर काय सांगू? सांग धुणी धुते, मी म्हटलं. आमचे उद्योग बघून ती म्हणायची, तीन तिघाडा काम बिघाडा. ते आम्हाला इतकं आवडलं की बँडचं नाव ठेवलं ‘तिघाडा’. अँप्लिफायर गणपती मंडळाचा होता, वर्षाचे अकरा महिने तो आमच्या पलंगाखाली असायचा आणि त्याच्यावर लाल अक्षरांत मंडळाचं नाव आणि एक मोदक रंगवलेला होता.

त्या सुमाराला मस्कतहून मामा आला. तिकडे त्याचं चांगलं बस्तान बसलं होतं. येताना त्याने दादासाठी दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे रेकॉर्डिंगचं स्पूलचं मशीन, कुणा साहेबाने देश सोडताना टाकलेलं, सुटकेसएवढं आणि धोंड्याएवढं जड. आणि दुसरी म्हणजे त्याच्याच कंपनीत गोडाऊनवरची नोकरी. व्हिसा येऊ घातलेला. मामाच्या डोक्यातही आलं नसेल की त्याने एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलंय.

घरात मग जे वादळ उठलं त्याची आठवण आली की मी अजूनही उठून एक फेरी मारते. दादाने सरळ सांगितलं, मी जाणार नाही, मला अल्बम करायचाय. बाबांना अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा एवढंच माहीत. ते शांतपणे म्हणाले, ठीक आहे, कर. पण अल्बम चांगला की वाईट हे तुझ्या बहिणीने आणि त्या गोप्याने ठरवायचं नाही. ठाण्याला माजिवड्याला सामंत म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचा स्टुडिओ होता, भावगीतांच्या आणि आरत्यांच्या कॅसेट ते काढायचे आणि नव्या मुलांचंही ऐकून घ्यायचे, असं बाबांना वाचनालयात कुणीतरी सांगितलं होतं. त्यांना ऐकव. ते हो म्हणाले तर तू राहा, मी मामाला कळवतो. नाही म्हणाले तर व्हिसा येईल त्या आठवड्यात विमानात बसायचं, आणि परत हा विषय काढायचा नाही. दादा म्हणाला, कबूल. बाबांनी हातावर हात मारून घेतला. मला त्यांचा इतका राग आला होता तेव्हा. आता वाटतं, त्या काळात डोंबिवलीत किती बापांनी पोराला एवढी तरी संधी दिली असती?

आता या मशीनचं एक होतं. ते आपल्याकडच्या विजेवर चालणारं नव्हतं, त्याला वीज निम्मी करून द्यावी लागायची. दादाने स्टेशनजवळच्या दुकानातून त्यासाठी एक लोखंडी डबा बनवून घेतला. तो घुमायचा आणि तापायचा, आणि आईने त्याला मांजरासारखं ‘मन्या’ नाव ठेवलं. दोन माइक, एक दादाच्या तोंडासमोर, एक पलंगाच्या दांडीला बांधलेला, आणि तिघांनी एकदमच वाजवायचं. चुकलं की पहिल्यापासून. खिडक्यांना गाद्या लावल्या, दाराला गोधड्या, भिंतीला आईच्या दोन सतरंज्या. एप्रिल-मे महिना. आतमध्ये भट्टी. पंखा लावायचा नाही, कारण तो माइकमध्ये यायचा.

आणि वेळ सात ते नऊ. दुसरी वेळ शक्यच नव्हती. दादा नि गोपी दिवसा कामावर, नऊनंतर बाबा, रविवारी बाबा दिवसभर. आणि मुख्य म्हणजे ढोल. एरवी गोपीने एक टिपरू मारलं की प्रधानकाका काठीने छत ठोकायचे. पण सात ते नऊ सगळी बिल्डिंग टीव्हीसमोर, सगळ्यांचे आवाज मोठे, कुणाला काही ऐकू यायचं नाही. आम्हाला वाटायचं, काय अक्कल आपली. दिवा पिवळा व्हायचा, म्हणजे आता सगळ्यांचे टीव्ही लागले, म्हणजे चला, सुरू. तो पिवळा दिवा आमचा इशाराच होता. दादाला तर त्या वेळचा अँप्लिफायरचा आवाजही आवडायचा. म्हणायचा, सातनंतर गिटार जरा मऊ फाटते, दुपारी अशी वाजत नाही. का वाजत नाही, हे त्याने विचारलं नाही, मी विचारलं नाही. ज्या घरात एक शब्द उच्चारायचा नसतो त्या घरात हळूहळू तो सुचायचाही बंद होतो, हे मला फार उशिरा कळलं.

ते दिवस म्हणजे नुसती घालमेल. व्हिसा आधी येतो की अल्बम आधी होतो! पोस्टमन गल्लीत शिरला की मी गॅलरीत धावायचे. गोपीची हळदींची तुफान गर्दी, एखाद्या संध्याकाळी तो यायचाच नाही आणि दादा दोन तास खोलीत येरझाऱ्या घालायचा. यायचा तेव्हा हातात ओली पिशवी. कधी निवट्या मासळी, कधी चिंबोऱ्या. आई खूश. ती आत पाट्यावर ओलं खोबरं आणि लाल मिरच्या वाटायला बसायची, आणि तो वरवंट्याचा घरंगळता आवाज आमच्या निम्म्या गाण्यांत गेलाय. दादाने पहिल्यांदा तिला थांबवलं. मग म्हणाला, राहू दे, बरा वाटतोय. शेवटचा सूर विरेपर्यंत आम्ही तिघं श्वास धरून उभे राहायचो, घामाच्या धारा, रश्श्याचा वास गोधडीतून आत येतोय, आणि दादाने हात खाली केला की गोपी पहिलं वाक्य म्हणायचा, “आता चिंबोरी.” मग ताटं घेऊन आम्ही नुकतं केलेलं गाणं ऐकायचो. तेव्हाच, त्याच पिवळ्या दिव्यात. आणि ते इतकं चांगलं वाटायचं! दादाचा घोगरा आवाज खोलीत उभा राहायचा. ऐकून झालं की तो मशीन कपाटात बंद करून किल्ली खिशात टाकायचा. मी एकदा दुपारी मागितली तर म्हणाला, शिजत्या भाताचं झाकण सारखं उघडायचं नसतं. मी चिडले. त्या दुपारी त्याने किल्ली दिली असती तर काय झालं असतं, यावर मी आयुष्यातला किती वेळ घालवलाय, जाऊ दे.

शेवटचं गाणं शीळफाट्याचं. ते झालं आणि दोन दिवसांनी व्हिसा आला. दादा हसला, म्हणाला, बघ, आपण जिंकलो. त्याला खात्रीच होती. मलाही होती. गोपी तर ठाण्याला जायला हळदीचा पांढरा शर्ट घालून आलेला.

आम्ही बसने गेलो, शीळफाट्यावरून. जागा असून दादा उभाच होता, स्पूलचा डबा छातीशी धरून. सामंतांचा स्टुडिओ थंडगार, चपला बाहेर काढायच्या, पायाखाली गालिचा. माणूस सज्जन होता. आम्हाला आधी पाणी दिलं, मला विचारलं, बेस तू वाजवतेस? वा. मग त्यांनी स्पूल त्यांच्या मशीनवर चढवलं आणि बटण दाबलं.

पहिल्यांदा मला वाटलं त्यांनी दुसरंच काहीतरी लावलंय. गिटार मेंडोलिनसारखी किणकिणत होती. गोपीचा ढोल डबडं होऊन तुरुतुरु पळत होता. आणि त्यावर एक लहान मुलगा गात होता, चिरक्या आवाजात, घाईघाईने, शीळफाट्यावर कुणीच उतरत नाही म्हणून. गोपीला हसू फुटलं. “ह्यो कोन पोरटा गातोय?” तो म्हणाला, आणि मग त्याला शब्द कळले. मी दादाकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही.

सामंतांनी वेग बदलून बघितला, तर एकदम म्हातारे गाऊ लागले. परत पहिला वेग. त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं, मग दुसरं ऐकलं. मग म्हणाले, रेकॉर्ड करताना तुमच्या मशीनला वीज पुरलेली नाही. ते हळू फिरलंय, म्हणून इथे पूर्ण विजेवर सगळं पळतंय. बरं, सारखं हळू फिरलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. पण गाणं सुरू होताना एक आहे आणि संपताना दुसरं आहे, सावकाश सावकाश घसरतंय. याला इलाज नाही. मुलांनो, तुम्ही घरी स्टॅबिलायझर नाही लावला? एवढं साधं कसं नाही सुचलं?

आम्ही तिघंही गालिच्याकडे बघत राहिलो. सामंत चांगलं तेही बोलले, ते सांगायलाच हवं. म्हणाले, या पळापळीतही मला गाणी ऐकू आली. हे असं कुणी मराठीत करत नाही. गणपतीच्या आरत्यांचं काम चालू आहे, ते संपलं की दसऱ्यानंतर या, इथे नीट करू, मला करायला आवडेल. दसऱ्यानंतर! व्हिसा आला होता, विमान आठवड्यावर होतं. दादाने त्यांना वाकून नमस्कार केला, स्पूल डब्यात भरलं आणि चपला घातल्या.

परतीच्या वाटेवर शीळफाट्याला बस थांबली तेव्हा दादा उठला आणि खाली उतरला. आम्हीही धावत उतरलो. धूळ, ट्रक, खडीच्या गाड्या, आणि तो रस्त्याच्या कडेला नुसता उभा. माझ्या डोक्यात तर आग पेटलेली. मी म्हटलं, आज घरी गेल्यावर मी बाबांना सांगणार. स्पष्ट सांगणार. त्यांच्या त्या हट्टापायी, त्या एका शब्दापायी हे झालंय, आणि सामंतांना गाणी आवडलीयत, तेव्हा दसऱ्यापर्यंत थांबायला त्यांनी हो म्हटलंच पाहिजे. मी ओरडत होते, ट्रकवाले वळून बघत होते. दादाने माझं मनगट धरलं. त्याचा हात शांत होता, बोटं वाजत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली.

“बाबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये,” तो म्हणाला. “दसऱ्याचं काढलं की हे का बिघडलं तेही सांगावं लागेल. अख्खी बिल्डिंग त्यांना रोज व्होल्टेजवरून खाते. आता मीपण खाऊ?”

मी म्हटलं, मग तुझं काय? तो म्हणाला, माझं मी बघेन. त्याने गोपीकडे बघितलं. गोपी म्हणाला, “मी नाय बोलनार,” आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. मी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. पण बोललेही नाही.

त्या दिवशी बाबा लवकर घरी आले होते, आमची वाट बघत. दिवा पिवळा होता आणि ते त्याच्याखाली पेपर धरून बसले होते. दादाने सांगितलं, त्यांना गाणी आवडली नाहीत, दम नाही म्हणाले. बाबांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं होतं ते सुटल्यासारखे दिसतील, पण नाही. ते दादाकडे बघत म्हणाले, एखादंसुद्धा नाही आवडलं? दादा म्हणाला, एखादंसुद्धा नाही. मी आत स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पाठीवर डोकं टेकलं. ती वाटत होती, तिने वरवंटा थांबवला नाही, एका हाताने माझं डोकं थोपटलं फक्त.

आठवड्याने दादा गेला. गिटार गोपीला दिली. जायच्या आधी एका संध्याकाळी आम्ही खिडकीत सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर ठेवून स्पूलवरून गाणी उतरवून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण प्रत्येक संध्याकाळचं दमणं वेगळं. कधी दादा लहान मुलगा व्हायचा, कधी दारुडा. आम्ही नाद सोडला. तिकडे गेल्यावर दादा परत कधी गायला नाही. लग्न झालं, दोन मुलं झाली, वर्षाआड यायचा, साबण आणि खजूर आणायचा, आणि जेवताना त्याचा गुडघा हलायचा नाही. गोपीने स्वतःची बेंजो पार्टी काढली. मी बँकेत लागले, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे आले. एवढी धडपड बाहेर पडण्याची, आणि आलं कुठे तर दोन गल्ल्या पलीकडे.

बाबा निवृत्त झाले त्यानंतर काही वर्षांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा ट्रान्सफॉर्मर बसला. लोकांनी नारळ फोडला, पेढे वाटले. पहिली संध्याकाळ सगळे बिल्डिंगखाली जमलेले, सात वाजले, टीव्ही लागले, पंप सुरू झाला, आणि दिवे पांढरेच्या पांढरे. प्रधानकाका, तेही म्हातारे झालेले, बाबांना मिठी मारून म्हणाले, “साहेब, जिंकलात.” बाबांचा त्यात काही हात नव्हता, जसा आधीही नव्हता. पण ते मुलासारखे खूश झाले. दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले तर त्यांनी माळ्यावरून मामाचं मशीन उतरवून पुसून ठेवलेलं, लोखंडी डबा जोडलेला. म्हणाले, तुम्हा मुलांचं ते मी एकदाही ऐकलं नाही. मी कायम वाचनालयात. आज ऐकू या. मी म्हटलं, बाबा राहू दे, खराब झालं असेल. पण त्यांनी बटण दाबलं होतं.

तो लहान मुलगा गायला लागला. आई आतून हात पुसत धावत आली. “अगं, श्री!” ती म्हणाली. “चौथीत असताना असाच गायचा. हे कधी भरून ठेवलंत?” ती खाली बसली आणि हसत, डोळे पुसत ऐकत राहिली. बाबा मात्र मशीनवर झुकले होते. त्यांनी फिरणाऱ्या स्पूलकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मग वर दिव्याकडे. बिलं लिहिण्यात जन्म गेला तरी माणूस विजेच्या ऑफिसातला. गाणं घसरत घसरत संपेपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी मला विचारलं, ठाण्याला हे असं ऐकवलंत? मी काही बोलले नाही. दादाला मी वचन दिलं नव्हतं, तरी बोलले नाही. आमच्या घरात गप्प बसणं हेच उत्तर असायचं, आणि ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं.

त्यांनी खुंटीवरचा शर्ट घातला आणि म्हणाले, चल, बूथवर जाऊ. कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी बूथमध्ये दोघांना जागा नव्हती, मी दार उघडं धरून उभी राहिले. बाबांना कमी ऐकू यायला लागलेलं, म्हणून दादा मोठ्याने बोलायचा आणि रिसीव्हरमधून त्याचा आवाज मलाही येत होता. दादा घाबरला, वेळ नसताना फोन कसा? बाबा म्हणाले, सगळे बरे आहेत. काचेवर हात ठेवून ते उभे राहिले, आणि ओठ नुसते हलत होते. मला वाटलं, आता ते माफी मागणार, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

“श्री,” ते शेवटी म्हणाले, “तिकडे व्होल्टेज नीट असतं ना रे?”

माझ्या जन्मात मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मस्कतला मी पुढे जाऊन आले आहे. तिथे रिकाम्या रस्त्यांवरसुद्धा दिवे दुपारसारखे जळतात.

“कसलं नीट, बाबा,” दादा म्हणाला. “इथेही तेच. सात वाजले की सगळे दिवे पिवळे. सगळ्यांचंच मशीन हळू फिरतं.”

बाबांनी रिसीव्हर हलकेच ठेवला आणि बाहेर आले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. “तिकडेही तसंच आहे म्हणतो गं,” त्यांनी मला सांगितलं, आणि ते घराच्या दिशेने चालू लागले. मला मात्र बूथच्या पायरीवर बसावं लागलं. बूथवाल्याने विचारलं, ताई, काही वाईट बातमी आहे का, आणि मी रडत रडत त्याला नाही म्हटलं.